मदत हवी आहे : गणपतीत घरच्यांना दाखवायला जुनी स्किट सुचवा

खानापूरला आमच्या घरी गणपतीत पंधरा-वीस माणसं जमतात. रात्री आरतीनंतर टीव्हीवर एखादं स्किट लावायचा रिवाज. परवा तालीम म्हणून एका नावाजलेल्या शोचा ताजा भाग लावला, तर सगळे गप्प. अर्धा वेळ पाहुण्या कलाकारांच्या सिनेमाची जाहिरात, उरलेल्यात मुंबईच्या लोकल आणि चाळीचे विनोद. इथे वडाप (शेअर जीप) समजतं, विरार फास्ट नाही!

म्हणून जुन्याकडे वळलोय. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' या कार्यक्रमातली समीर चौघुले-विशाखा सुभेदार जोडी चालली, आजीसुद्धा हसली. 'चला हवा येऊ द्या'मधला सागर कारंडेचा पोस्टमन लावला, पण पत्रं ऐकून काकू रडायला लागल्या. छानच, पण सणाला नको.

अडचण अशी की दोन्ही वहिन्या कन्नड घरातल्या. मराठी कळतं, पण शब्दखेळ निसटतो. त्यामुळे हावभाव, धावपळ, गोंधळ यावर चालणारं हवं. पंधरा मिनिटांच्या आत, द्वयर्थी अजिबात नको, समोर सासरे बसतात. यूट्यूबवर मिळणारं असलं तर उत्तम, वेगळं ॲप घ्यायचं नाही.

नुसतं 'जुने भाग बघा' नको. नेमकं कुठलं स्किट, त्यात कोण कलाकार आणि शोधायला काय टाकायचं?