साक्षगंधातच लग्न उरकलं तर बिघडलं काय?

कपाशीवाला:
राजेहो, बहिणीचं जमलं, पोरगा मोर्शीकडचा, साक्षगंध म्हणजे साखरपुडा पुढच्या महिन्यात. मी म्हणतो साक्षगंधाले पन्नास-साठ लोक येतातच तर त्याच मांडवात हार घालून मोकळं व्हावं. सोयाबीनचा पैसा कृषी केंद्राच्या उधारीत गेला, कापूस भावासाठी घरात पडून हाये, आता लॉन, कॅटरिंग, डीजे करायचं तर सावकाराचं दार नाहीतर वावर विका. बाबा म्हणतात गावात तोंड दाखवाले जागा राहणार नाही.

मांडववाला:
बाबा बरोबर बोलले. त्यांनी आजवर गावातल्या किती पोरींच्या लग्नात आहेर टाकला, वही असेल घरात, काढून पाय. कोणाले साडी, कोणाले गंज म्हणजे पातेलं, कोणाले १०१ रुपये. ते वापस यायचा दिवस हाच असते भाऊ. आणि आमचं काय? मांडव, बिछायत, आचारी, बँडवाले, वाढपी पोट्टे, सगळ्यांचं तुळशीच्या लग्नापासून पावसाळ्यापर्यंतच चालते, मग बसा घरी.

वर्धेची ताई:
वहीचं सांगूच नका! निम्म्या पत्रिकांवर आता आहेर आणू नये छापलेलं असतं, अन् जिथं घेतात तिथं पाकिटातून ताटाचेही पैसे निघत नाहीत. तुकडोजी महाराज कर्ज काढून लग्न करू नका म्हणून सांगत राहिले, मोझरीले जाऊन आपण हात जोडतो आणि येताना डीजेवाल्याले बयाणा देतो. धन्य हाये आपली.

खामगावकर:
साध्या लग्नाले माझा विरोध नाही, पण पोराकडच्यांशी आधीच स्पष्ट बोलून घे. आमच्या नात्यात आम्हाले काहीच नको म्हणाले आणि साधं लग्न झाल्यावर म्हणे तुमचा एवढा खर्च वाचला तर जावयाले बुलेट घेऊन द्या. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा हाये, पण सोयरिकीत त्याचं नाव कोण काढते?

यवतमाळचा मास्तर:
शुभमंगल योजना पाहिली का? सामूहिक किंवा नोंदणी विवाह केला तर शेतकरी-शेतमजुराच्या पोरीला २५,००० मिळतात, आधी १०,००० होते. अटी महिला व बालविकास कार्यालयात विचार. विशेष विवाह कायद्यानं करायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते, म्हणजे आत्ताच पळ. घरीच हार घातले तर ग्रामसेवकाकडं नोंदणी तेवढी विसरू नको.

मांडववाला:
सामूहिकमध्ये गरिबीचा शिक्का बसते सर, सासरी जन्मभर ऐकून घ्या लागते.

वर्धेची ताई:
आणि कर्जाचा शिक्का बसत नाही का? तो तर सातबाऱ्यावर बसतो. कपाशीवाले भाऊ, बहीण काय म्हणते ते तर सांगा.

कपाशीवाला:
तिले डीजे नको, लॉन नको, पण हळद दणक्यात पाहिजे आणि कॉलेजच्या सगळ्या मैत्रिणी आल्या पाहिजे म्हणते. पोराले फोन केला, तो तयार हाये, त्याचा मामा फुगून बसला. बाबा अजून हो म्हणत नाहीत.

मांडववाला:
मामा सगळ्याच लग्नात फुगते, त्याले पहिल्या पंगतीत बसव. साक्षगंधाले मांडव तर लागनच ना, माझ्याकडूनच घे, भावात पाहून घेऊ. फक्त बफे नको ठेवू.