मदत हवी: शनिवारच्या गाण्याला पाच जणांच्या जागा आणि रात्री परत कसं यायचं?

सकाळचीतोडी
शनिवारी बुवांचं गाणं आहे. प्रवेश मोफत, आधी येईल त्याला जागा. आम्ही पाच जण. मी आणि बहीण घरून लवकर निघू, एक मैत्रीण मडगावहून ड्युटी संपवून येणार, दोघं पुण्याहून येतायत.
१) रुमाल टाकून तीन जागा धरल्या तर चालतं का? की लोक भांडतात?
२) रात्री परत यायला काय मिळेल? आमच्याकडे एकच स्कूटर आहे.
जरा लवकर सांगा, पुण्याच्यांना आज रात्री बुकिंग करायचंय. आणि ‘नंतर यूट्यूबवर ऐका’ हे कृपया कोणी सांगू नका.

मांडवीकाठचा
पणजीच्या कला अकादमीत रुमालबिमाल चालत नाही, दारावरचे स्वयंसेवक उचलून ठेवतात. दीनानाथ मंगेशकर सभागृह मोठं आहे, घाबरू नका. बाल्कनीही वाईट नाही, मी तर मुद्दाम तिथेच बसतो. गाडी कांपालला आधीच लावून टाका, सहानंतर जागा नाही. स्टँडवरून मिरामारची बस अगदी दारात सोडते. आणि तुम्ही पर्वरीच्या बाजूने येत असाल तर बेतीला स्कूटर ठेवून फेरीबोटीने या, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. लवकर पोचलात तर इमारतीच्या मागच्या बाजूला नदीकाठी बसा. चार्ल्स कोरियांनी ती जागा ऐसपैस बसण्यासाठीच ठेवली आहे.

सकाळचीतोडी
कला अकादमी कोणी म्हटलं? फोंड्याला आहे.

मांडवीकाठचा
तुम्हीही नाही म्हटलंत ना. एवढं टाइप करायला लावलंत बाय.

प्रमोदकाका
फोंड्याला कुठे? राजीव गांधी कला मंदिरात की देवळात? शिवाय बुवा कोण, गाणं किती वाजता आणि तुमचं घर कुठे? चारही उत्तरं आल्याशिवाय मी काही सांगणार नाही.

सकाळचीतोडी
देवळाच्या आवारात मांडव घातलाय. सहाला सुरू. देवळाचं आणि बुवांचं नाव सांगत नाही, सॉरी काका. मागच्या वर्षी एका ग्रुपवर सांगितलं तर आम्हालाच उभं राहून ऐकावं लागलं.

प्रमोदकाका
मांडव! मग हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं, कारण सगळा हिशेब तिथेच बदलतो. उघड्यावर ध्वनिवर्धक रात्री १० ते सकाळी ६ बंद, २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे. बंद सभागृहाला तो तसा लागू नाही, तिथे भैरवी साडेअकरालाही होऊ शकते. मांडवात दहाला माइक बंद म्हणजे बंद. तेव्हा सव्वादहाला तुम्ही रस्त्यावर असाल असं धरून चाला.

रसिक_जुना
काका, सरकार वर्षातले काही दिवस बारापर्यंत सूट देतं.

प्रमोदकाका
जास्तीत जास्त १५ दिवस, आणि ते दिवस सरकार जाहीर करतं. हा शनिवार त्यात आहे का ते आयोजकांना विचारा. त्यावर भरवसा ठेवून टॅक्सी ठरवू नका.

रसिक_जुना
विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. या दहाच्या नियमाने अर्धं संगीत गिळलं. पूर्वी देवळातलं गाणं रात्री जेवणं आटोपल्यावर सुरू व्हायचं आणि पहाटेचा राग पहाटेच गायला जायचा. आता मालकंस साडेनवाला उरकायचा, आणि मध्यरात्रीनंतरचे राग तरुण मुलांनी फक्त रेकॉर्डिंगवर ऐकायचे. सकाळच्या मैफिली होतात तेवढ्याच, नाहीतर तोडीसुद्धा गेली असती. धागाकर्तीचं नाव वाचून हे आठवलं.

सातेरी
देवळाला लागून ज्यांची घरं आहेत त्यांना विचारा. माझ्या माहेरी मांडवाचा कर्णा आमच्या खिडकीसमोर असायचा. बारावीची परीक्षा आणि त्यांचा दरबारी एकाच वेळी. नियम उत्तम आहे.

रसिक_जुना
दरबारी ऐकत अभ्यास झाला, भाग्य समजा.

सातेरी
ते भाग्य तुमच्या खिडकीला लावून बघा एकदा.

सकाळचीतोडी
प्लीज. रुमाल?

सातेरी
हो, रुमाल. मांडवात पुढे सतरंजीची बैठक आणि मागे खुर्च्या असतात. खुर्चीवरच्या रुमालावरून भांडणं होतात, मी स्वतः केलंय. तुम्ही सतरंजीवर बसा. दोघींनी ऐसपैस मांडी घालून बसायचं, मैत्रिणी आल्या की आवरून घ्यायचं. तीन माणसं सहज मावतात आणि कोणाला बोलायला जागा राहत नाही. फक्त कर्ण्यासमोरची जागा नको, आणि अगदी पहिली रांगही नको, तिथे देवस्थानची मंडळी आणि पाहुणे येतात. उशिरा येणाऱ्याने गाणं चालू असताना मधून घुसायचं नाही. एक राग संपून टाळ्या सुरू झाल्या की यायचं.

ठोंब्या
स्वयंसेवक व्हा. चहाचे कप फिरवायचे आणि पूर्ण गाणं विंगेतून ऐकायचं. बुवांच्या पाया पडायला मिळतं ते वेगळं.

सातेरी
मांडवाला विंग कुठली रे?

कोथरूडचा_पाहुणा
रात्री ओला करा ना. पाच जणांना मोठी गाडी मिळते.

काळीप्लेट
गोव्यात ओला-उबर नाहीत, साहेब. गोवामाइल्स हे अ‍ॅप आहे, पण शनिवारी रात्री सव्वादहाला फोंड्यात गाडी दिसेलच असं समजू नका. बस तर विसरा. फोंडा-पणजी, फोंडा-मडगाव दिवसभर भरपूर, पण रात्री दहानंतर कदंबाच्या (सरकारी बसच्या) स्टँडवर कुत्री झोपलेली असतात.
पुण्याच्या दोघांनी भाड्याने स्कूटर घ्यावी. नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतील तरच. पांढऱ्या प्लेटची कोणी स्वस्तात दिली तर घेऊ नये, ती भाड्याने देणंच बेकायदा आहे आणि पोलीस बाहेरच्या माणसाला आधी थांबवतात. हेल्मेट दोघांनाही. पण घर कुठे ते अजून कळलेलं नाही.

सकाळचीतोडी
साखळी.

प्रमोदकाका
अहो, मग आधी सांगायचं! पुण्याची मंडळी कुठल्या गाडीने येतायत?

सकाळचीतोडी
बसने. ट्रेन बघितली, वेटिंग आहे.

रूळमित्र
वेटिंग म्हणून सोडू नका. गोवा एक्सप्रेस पुण्याहून मिरज-लोंढामार्गे येते, ब्रागांझा घाट उतरून कुळ्याला थांबते. कुळ्याहून फोंडा मडगावपेक्षा फार लांब नाही. दूधसागर डब्यातून दिसतो तो वेगळाच. खिडकीपाशी बसून...

काळीप्लेट
कुळ्याला उतरून पुढे कशाने येणार? आणि त्यांना फोंड्याला यायचंय की साखळीला?

रूळमित्र
मी ट्रेनचं सांगितलं. पुढचं तुम्ही सांगा.

प्रमोदकाका
ट्रेन राहू दे. पुण्याहून बेळगाव करून चोर्ला घाटाने पणजीला येणारी बस असेल तर ती साखळीवरूनच जाते. ड्रायव्हरला सांगून तिथेच उतरवा. घरी आंघोळ, जेवण, झोप. संध्याकाळी सगळे एकत्र निघा. जागा धरायचा प्रश्न फक्त मडगाववालीचा उरतो. आंबोलीवरून येणारी बस असेल तर म्हापसा किंवा पणजी, मग तिथून बदला. बुकिंग करताना ‘चोर्ला की आंबोली’ एवढं विचारायला सांगा, बस एवढंच.

मांडवीकाठचा
चोर्ल्याने येताना उतरल्याबरोबर केरी लागतं. गायिका केसरबाई केरकरांचं गाव. गाण्याला येताना त्या मातीला नमस्कार करूनच यावं.

रसिक_जुना
चूक. घाटाखालचं केरी सत्तरीतलं. केसरबाई केरकरांचं केरी फोंडा तालुक्यातलं, त्या १८९२ साली तिथे जन्मल्या. तिसरं केरी पेडण्यात तेरेखोलच्या तोंडाशी. दर वर्षी कोणीतरी चुकीच्या केरीला फुलं वाहून येतं.

मांडवीकाठचा
बरं. नमस्कार फोंड्यात पोचल्यावर करा मग.

काळीप्लेट
परतीचं: टेम्पो ट्रॅव्हलर नको, एक गाडी ड्रायव्हरसकट जाऊन-येऊन ठरवा. साखळीतला कोणी ओळखीचा टॅक्सीवाला असेलच, थांबण्याच्या तासांसकट भाडं आजच बोलून घ्या. त्याला माशेलवरून, आमोणे पुलाने न्या. उसगावच्या बाजूने रात्री मी तरी जात नाही. स्कूटर घरी ठेवा. मडगावच्या मैत्रिणीने त्याच रात्री परत जायचा हट्ट धरू नये, बोरीचा रस्ता एकटीने रात्री नको. तिला साखळीलाच झोपवा.

सकाळचीतोडी
तिची रविवारी सकाळी ड्युटी आहे.

सातेरी
कसली ड्युटी? हॉस्पिटलची असेल तर फोंड्यातच ओळखीत कोणाकडे झोपू दे. सकाळी मडगावला जायला बस मिळते.

ठोंब्या
नाहीतर शेवटची भैरवी सोडून साडेनवाला उठा सगळे. गर्दीच्या आधी सुटता.

रसिक_जुना
भैरवी सोडून उठायचं? केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात पाठवली लोकांनी, आणि तुम्हाला साखळीला जायची घाई?

ठोंब्या
व्हॉयेजरला परत यायचं नव्हतं ना काका.

सातेरी
😂

कोथरूडचा_पाहुणा
गाणं झाल्यावर जेवायला कुठे? फोंड्यात रात्री काही मिळतं का?

मांडवीकाठचा
रस-ऑम्लेटचा गाडा. दुसरं काही शोधू नका.

प्रमोदकाका
देवळात महाप्रसाद असेल तर तिथेच जेवून घ्यावं. देवाच्या दारात गाणं ऐकून लगेच अंडं कशाला?

मांडवीकाठचा
देऊळ सोडून दोन किलोमीटर पुढे गेल्यावर, काका.

सकाळचीतोडी
बस चोर्ल्याचीच मिळाली, सकाळी साखळीला उतरतायत. शेजारचे टॅक्सीवाले तयार आहेत, पण म्हणतात साडेदहाच्या पुढे थांबणार नाही. आयोजकांना फोन लावला, म्हणाले दहाला नक्की संपेल, बुवा सहाला बसले तर. मडगाववाली तिच्या मावशीकडे फोंड्यात राहतेय, मावशी आहे हे तिने आज सांगितलं!

काळीप्लेट
‘सहाला बसले तर’ म्हणजे साडेसहा. त्याआधी सत्कार, नारळ, शाल. सहाच्या आत पोचायला हवं, पण पाचाला जाऊन ताटकळू नका. टॅक्सीवाल्याला पावणेअकरा सांगून ठेवा, थोडं जास्त द्या.

सातेरी
पाचालाच जा. सतरंजी मिळायची तर पाच.

रूळमित्र
येताना ट्रेनने नाही तर नाही, पण जाताना पुण्याचे कसे जाणार? रविवारचं गोवा एक्सप्रेसचं बघू का? तारीख सांगा.