उष्णता आहे, पण कोमट

सर्व्हरची उष्णता घरं तापवायला दिली की डेटा सेंटरच्या वीजवापराचा प्रश्न मिटतो, हे मला अर्धंच पटतं. हवेने थंड होणाऱ्या सर्व्हरमधून साधारण ३०-४० अंशांची हवा बाहेर पडते. थंड देशांत पाइपांतून घरोघरी गरम पाणी पोहोचवणाऱ्या जुन्या हीटिंग-जाळ्यांना ७०-८० अंशांचं पाणी लागतं. मधली तफावत हीट पंप, म्हणजे कोमट उष्णतेचं तापमान वाढवणारं यंत्र, भरून काढतो, पण त्यालाही वीज लागतेच. डेन्मार्कमधल्या ओडेन्सला हे प्रत्यक्षात झालंय, तेव्हा अशक्य मुळीच नाही. खरी अडचण जागेची आहे. गरम पाणी फार लांब नेणं परवडत नाही आणि ही केंद्रं बऱ्याचदा वस्तीपासून दूर असतात. म्हणूनच जर्मनीचा २०२३चा कायदा मला मोलाचा वाटतो: जुलै २०२६पासून सुरू होणाऱ्या मोठ्या केंद्रांना, काही अपवाद सोडता, किमान १० टक्के ऊर्जेचा पुनर्वापर बंधनकारक आहे. मग जागा निवडतानाच शेजारी कोण आहे ते बघावं लागेल.