द्रुतला सम दरवेळी उशिरा पडते, विलंबितला नाही. माझी लयच कच्ची आहे का?

काळीएक_रियाज
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसताच वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. गाणं शिकायला लागून चौथं वर्ष चालू आहे, वय 41, नोकरी सांभाळून रोज पहाटे पाऊण तास बसतो. घरी तबल्याला कोणी नाही, त्यामुळे तबला तंबोरा सगळं मोबाईलच्या ॲपवर. गेल्या महिन्यात ब्लूटूथ हेडफोन घेतले कारण साडेपाचला घरात सगळे झोपलेले असतात, आणि त्याच ॲपमध्ये रेकॉर्ड करून स्वतःचं गाणं ऐकायला लागलो. तेव्हापासून झोप उडालीय. विलंबित (संथ) एकताल ऐकला तर ठीक वाटतो, पण द्रुत (जलद) तीनताल मिनिटाला 240 मात्रांवर लावला की माझी सम तालाच्या पहिल्या मात्रेवर नाही, जवळजवळ दुसऱ्या मात्रेवर जाऊन पडलेली ऐकू येते. एकदा दोनदा नाही, प्रत्येक आवर्तनात. गाताना मात्र अगदी तबल्याच्या पहिल्या बोलावर, धा वर, बसल्यासारखी वाटते हो! क्लासमध्ये तबल्यावर सर असतात तेव्हा कोणी काही म्हणत नाही, पण मला वाटतं सांभाळून घेत असतील. दोन आठवडे गाणं बाजूला ठेवून नुसता हातावर ताल देतोय आणि सोळा मात्रा मोजतोय, तरी रेकॉर्डिंग तसंच. द्रुत सोडून द्यावं का या विचारापर्यंत आलोय.

अजून एक, हेडफोनमध्ये रेकॉर्डिंग चालू केलं की तंबोरा एकदम बोदा होतो, फोनवरून कोणी ऐकवतंय असा. ते का होतं?

आणि पहाटे रियाजाच्या आधी तुम्ही लोक काय खाता पिता तेही सांगा, दही बंद कर, थंड बंद कर असं प्रत्येकजण वेगळं सांगतो.

ठेका_धरा
दादा, द्रुत अजिबात सोडू नका. तुमच्याच प्रश्नात उत्तर आहे, विलंबितला बरोबर आणि द्रुतला चूक, आणि तीही दरवेळी तेवढीच. मी तबला वाजवतो, वीस वर्षं गवयांच्या शेजारी बसतोय, माणूस लयीत चुकतो तेव्हा असा एकसारखा कधीच चुकत नाही. एकदा आधी येईल, एकदा उशिरा, तानेनंतर घाई करेल, दम संपला की रेंगाळेल. दरवेळी बरोब्बर तेवढंच मागे राहणं हे यंत्राचं लक्षण आहे.

होतं काय की ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान करतात, मग हवेतून पाठवतात, मग हेडफोनमध्ये परत उलगडतात, आणि तुटू नये म्हणून थोडा साठवूनही ठेवतात. या सगळ्यात साधारण 0.2 सेकंद जातात, कमीजास्त हेडफोनवर अवलंबून. म्हणजे ॲपने धा वाजवला की तुमच्या कानात तो 0.2 सेकंद उशिरा येतो. तुम्ही त्या कानातल्या धा वर अगदी चोख सम घेता. पण रेकॉर्डिंगमध्ये ॲप स्वतःचा तबला आतल्या आत घालतं, त्याला काही उशीर झालेला नसतो, आणि तुमचा आवाज माईकमधून येतो तो 0.2 सेकंद मागे. आता हिशोब करा, 240 ची लय म्हणजे एक मात्रा 0.25 सेकंदाची. त्यात 0.2 गेले तर सम दुसऱ्या मात्रेला टेकणारच. आणि विलंबित एकताल समजा 15 च्या लयीत असेल तर एक मात्रा 4 सेकंदाची, त्यात 0.2 कुणाला कळणार आहे.

खात्री करायची तर असं करा. लय 60 ठेवा, हेच हेडफोन कानात, काही न गाता प्रत्येक मात्रेला फक्त टाळी वाजवा आणि रेकॉर्ड करा. मग साधा वायरचा इअरफोन लावून पुन्हा तेच. पहिल्यात सगळ्या टाळ्या एकसारख्या मागे आणि दुसऱ्यात जागेवर आल्या की विषय संपला. काही ॲपमध्ये हा उशीर भरून काढायची सेटिंग असते, तीही बघा, पण मी म्हणेन वायरच वापरा.

बोदा तंबोऱ्याचं कारणही तिथेच आहे. रेकॉर्डिंगसाठी हेडफोनचा माईक चालू झाला की बहुतेक ब्लूटूथ जोडणी गाणी ऐकायच्या मोडमधून कॉलच्या मोडमध्ये जाते, मग आवाज मोनो होतो आणि 8 किंवा 16 किलोहर्ट्झच्या सँपलिंगवर येतो, म्हणजे 4 किंवा 8 किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. बोलणं समजायला तेवढं पुरतं. तंबोऱ्याच्या जवारीला, त्या झणकाराला, नाही पुरत.

स्वयंभू_गंधार
ठेका_धरा यांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त तंबोऱ्याबद्दल भर घालते. फोनच्या स्पीकरवर तंबोरा लावून गाऊ नका हो. तुमच्या नावावरून पट्टी काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) धरली तर सा सुमारे 138.6 हर्ट्झ, आणि खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालची, तार त्याच्या निम्मी म्हणजे 69 च्या आसपास. एवढ्याशा स्पीकरमधून तो स्वर येतच नाही, वरचे स्वरांश (तारेतून आपोआप निघणारे वरचे स्वर) ऐकून आपला कान तो भरून काढतो. साधा का होईना मोठा स्पीकर घ्या आणि समोर न ठेवता मागे, पाठीशी ठेवून बघा, तंबोऱ्यात बसल्यासारखं वाटतं.

मला स्वतःला हे पहिल्यांदा कळलं ते आमच्या बाईंच्या घरी. त्यांनी माझ्या हातात खरा तंबोरा दिला, तारेखालचा दोरा नखाने केसभर सरकवला आणि म्हणाल्या आता ऐक. तोपर्यंत नुसता टणटण वाजणारा खर्ज एकदम उघडला आणि त्यातून गंधार ऐकू यायला लागला, कोणीही न छेडता. यालाच स्वयंभू गंधार म्हणतात, माझं नाव त्यावरूनच. खर्जाच्या तारेतला पाचवा स्वरांश तो.

आणि हाच गंधार पेटीत नाही! पेटीच्या पट्ट्या सारख्या अंतराने बांधलेल्या, त्यामुळे पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा, अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा. काळी एकला तंबोऱ्याचा गंधार 173.2 आणि पेटीचा 174.6. ऐकायला क्षुल्लक आकडा वाटतो, पण यमनात गंधारावर थांबून बघा, पेटी चालू असताना आणि बंद असताना. मी रियाजाला पेटी पूर्ण बंद केली त्याला आता सहा वर्षं झाली.

रेडिओचे_दिवस
ताई, तुम्ही पेटीचा विषय काढलात म्हणून लिहितो. याच मुद्द्यावर सरकारी रेडिओने 1940 साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती 1971 पर्यंत चालली. एकतीस वर्षं! श्रुती (स्वरांमधले बारीक भेद) नाहीत, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही, परदेशी वाद्य आहे, ही कारणं. माझे वडील पेटी वाजवायचे आणि त्यांना ती गोष्ट शेवटपर्यंत लागून राहिली होती, कारण बैठकीत सगळ्यांना पेटी हवी, नाटकाला पेटी हवी, गोविंदराव टेंब्यांसारखा माणूस ज्या वाद्यावर मोठा झाला ते वाद्य रेडिओच्या दारात मात्र अस्पृश्य. 14 सेंटचा फरक मला मान्य आहे, पण तो फरक गवयाने आणि पेटीवाल्याने आपापसात मिटवायचा, त्यासाठी सरकारने फतवा काढायचा नसतो असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हे एकदाच नाही झालं. 1952 ते 1962 बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री होते, शास्त्रीय संगीतावर मनापासून प्रेम असलेला माणूस, त्यांच्या काळात 1952 ला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावी लोकांना घरबसल्या मोठमोठे गवई ऐकायला मिळाले, हे ऋण मोठं आहे. पण त्याच काळात सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं, रेडिओचा काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू करावं लागलं. चांगलं संगीत लोकांपर्यंत जावं हा हेतू कितीही चांगला असला तरी दुसरं बंद करून ते पोचत नाही.

खाण्याचं म्हणाल तर मी 67 वर्षांचा आहे आणि अजून गातो. दही खातो. गिळलेली कुठलीही गोष्ट स्वरयंत्राच्या पट्ट्यांवरून जात नाही, अन्ननलिकेतून जाते, स्वरयंत्र तेवढ्यापुरतं झाकलं जातं. त्यामुळे पाणी पिऊन गळा लगेच ओला होतो हेही खरं नाही, ते शरीरात मुरून मग पोचतं, म्हणून आदल्या दिवसभर पाणी प्यायलं पाहिजे. लगेच आराम हवा तर वाफ. गळ्याचा खरा शत्रू म्हणजे रात्री उशिरा जड जेवून लगेच आडवं होणं, आम्ल वर येतं आणि पहाटे घसा खवखवतो, मग दोष दह्याला. जेवण आणि झोप यात तीन तास ठेवा, पहाटे कोमट पाणी घ्या आणि बसा.

ललित_ऐकायचाय
राजकारणाचा विषय निघालाच आहे तर रात्री 10 च्या नियमाबद्दल पण बोला कोणीतरी. सवाई गंधर्व महोत्सव 1953 ला सुरू झाला, पुण्यात रमणबागेत रात्र रात्र चालायचा, पहाटे थंडीत शाल गुंडाळून पहाटेचा राग ललित ऐकलेली माणसं आमच्या घरात आहेत. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद केले आणि रात्रीचे, उत्तररात्रीचे राग मैफलीतून जायला लागले. माझ्या वयाच्या मुलांनी रात्रीचा राग दरबारी ऐकला तो संध्याकाळी सातला नाहीतर हेडफोनवर. मला याचं फार वाईट वाटतं.

ठेका_धरा
वाईट मलाही वाटतं, पण नियम चुकीचा नाही. माझी आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि खिडकीखाली रात्री बारापर्यंत डीजेच्या स्पीकरच्या भिंती लागायच्या, तेव्हा त्या नियमाचाच आधार होता. गाणं चांगलं म्हणून त्याला सूट आणि डीजे वाईट म्हणून त्याला बंदी हे ठरवणार कोण, परत रेडिओच्या पेटीसारखंच होईल ना. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री 12 पर्यंत सवलत देऊ शकतं. आणि बंदिस्त सभागृहाला तो नियम लागू नाही, त्यामुळे रात्रभराची मैफल आजही होऊ शकते, लहान सभागृहात होऊ शकते, घरात वीस माणसांत माईकशिवाय तर नक्कीच होऊ शकते. मी अशा दोन बैठकांना वाजवलंय, पहाटे साडेचारला माईकशिवाय ललित, डग्ग्याची (डाव्या तबल्याची) नुसती घुमार खोलीभर. करायला माणसं पाहिजेत.

नैहर_म्हणजे_माहेर
विषय जरा बदलते, पण मूळ प्रश्नकर्त्यांना उपयोगी पडेल. रेकॉर्डिंग ऐकताच आहात तर नुसती सम नका ऐकू, शब्दही ऐका. बंदिशी, म्हणजे आपण गातो त्या रचना, बहुतेक ब्रज नाहीतर अवधी वळणाच्या, आणि आपण मराठी माणसं त्या मराठी तोंडाने गातो. जमुना मधला ज आपण जहाजातल्या ज सारखा म्हणतो, चमकत मधला च आपल्या चमच्यातला. तिकडे हे दोन्ही तालव्य आहेत, आपल्या जीव आणि चिमणी मधल्यासारखे. तसंच नैन, बैरन, नैहर मधला ऐ, आपण अइ असं फोडून गातो, नइन, बइरन. ब्रजमध्ये तो एकच मोकळा स्वर आहे, ऍ च्या जवळचा. नैन वर लांब आलाप घेतला की लगेच उघडं पडतं, कारण अइ मध्ये तोंड मिटत जातं आणि शेवटी नुसता ई उरतो.

अर्थाचंही तेच. मी नैहर हा शब्द तीन वर्षं नुसता स्वरात गुंडाळून गात होते, मग कोणीतरी सांगितलं अगं नैहर म्हणजे माहेर. त्या दिवसापासून त्या शब्दावर मी घाई केली नाही. बेगी म्हणजे वेगाने, लवकर. लंगरवा म्हणजे दांडगट, खोडकर, वाट अडवणारा. प्रत्येक बंदिशीचा अर्थ वहीत स्वरलिपीच्या वरच लिहून ठेवा, मुखड्यात (बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्यात) शब्द कुठे तोडायचा ते आपोआप कळतं.

काळीएक_रियाज
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आज पहाटे टाळ्यांची चाचणी केली. ब्लूटूथवर चाळीस टाळ्या वाजवल्या, सगळ्या मागे, ॲपमधल्या आलेखात धा ची उभी रेघ आणि टाळीची रेघ यात प्रत्येक ठिकाणी सारखंच अंतर, 0.2 च्या जरा वर. कपाटातून जुना वायरचा इअरफोन काढला, एका कानाचा रबर गेलेला, आणि रेघा एकमेकींवर आल्या. मी बराच वेळ नुसता स्क्रीनकडे बघत बसलो होतो. दोन आठवडे स्वतःला इतकं बोललो होतो ना.

मग 240 लावून द्रुत गायलो. सम धा वर. पण आता स्वच्छ ऐकू आल्यावर दुसरी गोष्ट दिसली, नवव्या मात्रेनंतर, म्हणजे तालातला ‘खाली’ हा भाग (जिथे टाळी देत नाहीत) आला की मी थोडी घाई करतो, आणि तीही दरवेळी सारखी नाही, कधी जास्त कधी कमी. म्हणजे ठेका_धरा यांच्या हिशोबाने ही चूक माझीच. खालीत डग्गा बंद होतो तेव्हा आधार सुटल्यासारखं होतं बहुतेक. यावर काय करावं, खाली ते सम एवढाच तुकडा घोटायचा का आधी लय उतरवून 160 ला यायचं?

आणि नैहर ताई, माझ्या बंदिशीत बैरन आहे. बइरनच म्हणत होतो.