इतिहास ‘पुढे’ जातो हे डोक्यात आलं कुठून?

वाचनवेडी: सध्या हेगेल आणि मार्क्स हे जर्मन तत्त्वज्ञ वाचतेय. इतिहास कुठल्यातरी मुक्कामाला चाललाय हे दोघंही गृहीतच धरतात. कार्ल लोविट हा जर्मन तत्त्वज्ञ १९४९ मध्ये म्हणाला की ही मूळची बायबलमधली आशा आहे, फक्त देवाला वगळलंय. पण आपल्याकडे तर कलियुग संपलं की परत सत्ययुग, मग ही सरळ रेष नेमकी सुरू कुठे झाली?

जुनापाना: बायबलमधल्या दानिएलाच्या पुस्तकातलं बाबेलच्या राजाचं, नबुखद्नेस्सराचं स्वप्न वाच. पुतळ्याचं डोकं सोन्याचं, छाती चांदीची, पोट पितळेचं, पाय लोखंडाचे आणि पावलं लोखंड-मातीची, एकामागून एक राज्यं, आणि शेवटी एक दगड येऊन नेमका पावलांवर आदळतो, सगळ्याचा भुगा होतो आणि त्या दगडाचाच डोंगर होऊन पृथ्वी भरून जाते. म्हणजे क्रम आला, शेवटही आला.

पायवाट: बरोबर, पण लोक ही सरळ रेष सगळी ऑगस्टीन या ख्रिस्ती बिशपच्या नावावर टाकतात ते मला पटत नाही. ४१० मध्ये गॉथ या जर्मानिक टोळ्यांनी रोम लुटलं, जुने देव सोडले म्हणून हे झालं अशी ओरड झाली, त्यावर त्याने २२ भागांचा ग्रंथ लिहिला. काळ गोल फिरतो हे त्याने खोडलंच, ख्रिस्त एकदाच मेला म्हणून, पण राज्यांच्या चढउतारात मोक्ष शोधू नका असंही बजावलं. मोक्ष जमिनीवर आणला तो दक्षिण इटलीतल्या कॅलाब्रियाच्या योआकिम या मठाधिपतीने (मृत्यू १२०२). पित्याचं युग, पुत्राचं युग आणि पुढे पवित्र आत्म्याचं युग, ते इथेच, याच जगात! बायबलमध्ये मत्तयने दिलेल्या येशूच्या वंशावळीतल्या ४२ पिढ्या, प्रत्येकी ३० वर्षं, म्हणजे १२६०, आणि त्याच्यामागून आलेले काही फ्रान्सिस्कन साधू त्या सालाची खरोखर वाट बघत बसले होते. हेगेलच्या आधीची पायरी मला इथे दिसते.

तिसरीबाजू: ब्लूमेनबर्ग या जर्मन तत्त्वज्ञाने लोविटला दिलेलं उत्तरही बघा, १९६६ चं. ख्रिस्ती शेवट बाहेरून येऊन इतिहास थांबवतो, प्रगती तर माणसाच्या कामातून आतून घडते, मग दोन्ही एक कसे? मला हा मुद्दा वजनदार वाटतो.

पायवाट: वजनदार आहेच, पण योआकिमचं तिसरं युग इतिहासाच्या आतच येतं ना.

वाचनवेडी: ते १२६० चं माहीतच नव्हतं. आणि आत्ता आठवलं, आपले न्यायमूर्ती रानडे, प्रार्थना समाजाचे, तेही भारताच्या इतिहासात ईश्वरी योजना बघायचे, इंग्रज येण्यातसुद्धा. म्हणजे ही सरळ रेष आपल्याकडची नाहीच असं मी धरलं ते घाईचं झालं, आता रानडे परत काढते.