मदत हवी आहे: दोरीचा स्टार्टर काढून ड्रिलवाला बसवला, ड्रिल फिरतं पण इंजिन फिरत नाही

फुलथ्रॉटल
मंडळी लवकर सांगा कोणीतरी. आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) नायट्रो, म्हणजे मेथॅनॉल-नायट्रोमिथेनच्या इंधनावर पळणाऱ्या गाडीचा दोरीवाला स्टार्टर काढून टाकला आणि त्या जागी ड्रिलने चालू करायची बॅकप्लेट (इंजिनाचं मागचं झाकण) बसवली, षटकोनी खाचेची. स्क्रू सगळे घट्ट आहेत. आता ड्रिल लावलं की ड्रिल मस्त फिरतं पण इंजिन जागचं हलत नाही, मधेच एक झटका घेतं आणि परत सरसर सुटतं. दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागला म्हणून तर हे केलं. रविवारी गाडी पळवायचीच आहे.

पानास्क्रू
इंजिन कुठलं? १२, १५, १८ की २१ (घनइंचाच्या शंभराव्या भागात)? नवीन आहे का पळालेलं? आणि हे ग्लो प्लग (आतल्या तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा) लावलेला असताना होतंय का काढल्यावर पण?

ब्रशलेसवाला
माझं ऐका आणि इलेक्ट्रिकवर या. ब्रशलेस मोटर, लायपो बॅटरी, ट्रिगर दाबला की पळाली. प्लग नाही, ट्यूनिंग नाही, तेलाचा चिकटा नाही. मी नायट्रो सोडलं आणि आता मैदानावर गाडी पळवायला वेळ मिळतो, आधी सगळा वेळ चालू करण्यात जायचा.

वेगवेडी
@ब्रशलेसवाला त्याला नायट्रोच चालवायचीय, प्रश्न स्टार्टरचा आहे.
@फुलथ्रॉटल ड्रिल कुठल्या दिशेने फिरवताय? मागून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरायला हवं, म्हणजे स्क्रू आवळताना फिरतं तसंच. उलटं फिरवलं तर वन-वे बेअरिंग (एकाच दिशेने पकड घेणारं) पकडणारच नाही, नुसतं मोकळं फिरेल.

फुलथ्रॉटल
दिशा बरोबर आहे ताई. इंजिन १८ चं आहे.

पानास्क्रू
बाकीच्या प्रश्नांची उत्तरं?

जुनाखेळाडू
ड्रिलच्या भानगडीत पडूच नका. स्टार्टर बॉक्स घ्या. गाडी वरून दाबायची, खालचं रबराचं चाक फ्लायव्हीलला (इंजिनाच्या शाफ्टवरच्या जड चाकाला) लागतं आणि इंजिन फिरतं, रेसवाले उगाच नाही तेच वापरत. आणि बॉक्ससाठी दोरीचा स्टार्टर काढायचीही गरज नव्हती, फ्लायव्हील फिरलं की आतलं वन-वे बेअरिंग आपोआप मोकळं सुटतं. तुम्ही आधी इथे विचारलं असतं तर ही उघडाउघडी वाचली असती.

वेगवेडी
बॉक्स चांगलाच आहे पण चेसिसला फ्लायव्हीलखाली भोक लागतं, ते यांच्या गाडीला आहे का आपल्याला माहीत नाही. शिवाय बॉक्सला वेगळी १२ व्होल्टची बॅटरी नाहीतर दोन पॅक सांभाळायचे. माझ्याकडे ड्रिलवालंच आहे आणि छान चालतं.

जुनाखेळाडू
चालतं, पण ड्रिलने कनेक्टिंग रॉड वाकलेले मी बघितलेत. सिलेंडरमध्ये इंधन भरलेलं असलं की पिस्टन वर जाऊच शकत नाही, द्रव काय दाबला जात नाही ना, आणि ड्रिलची ताकद थांबत नाही. दोरीला निदान हाताला कळतं की काहीतरी अडतंय.

वेगवेडी
म्हणून तर ड्रिलचा क्लच कमीवर ठेवायचा आणि स्लो गिअरवर चालवायचं. अडलं की क्लच कट कट करतो, तिथे थांबायचं, प्लग काढायचा, गाडी उलटी धरून इंधन बाहेर काढायचं. फ्लड झालेलं इंजिन जोर लावून फिरवू नये हे बॉक्सलाही लागू आहे की.

फुलथ्रॉटल
प्लग काढून बघितलं आत्ता. प्लग काढला की ड्रिलने इंजिन फिरतंय!! प्लग लावला की परत सरसर. इंधन बाहेर आलं नाही, कोरडं आहे. इंजिन तसं नवीनच आहे, अजून ब्रेक-इन (सुरुवातीला हळूहळू चालवून रुळवणं) पण नीट झालं नाही.

पानास्क्रू
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. मग बेअरिंग उलटं बसलेलं नाही, शाफ्टची चकती क्रँकपिनमध्ये (इंजिनाच्या क्रँकच्या खुंटीत) पण बसलीय, नाहीतर प्लग काढूनही फिरलं नसतं. लोड आला की वन-वे बेअरिंग घसरतंय. नवीन इंजिनाचा स्लीव्ह (सिलेंडरची आतली नळी) वरच्या बाजूला मुद्दाम निमुळता ठेवलेला असतो, पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) गच्च बसतो, तिथेच सगळ्यात जास्त जोर लागतो. तुमची दोरी जड जात होती तेही यामुळेच. गरम झाल्यावर पितळेचा स्लीव्ह फुगतो आणि फिटिंग मोकळं होतं. हेअर ड्रायरने इंजिनाचं डोकं आणि केस चांगलं गरम करा, मग ड्रिल लावा.

सायलेन्सर९
प्लग अर्धा आटा सैल करा, कॉम्प्रेशन सुटतं, चालू झालं की लगेच आवळा. मी कायम तसंच करतो.

पानास्क्रू
चालू इंजिनाच्या गरम डोक्याशी पाना घेऊन खेळायला सांगू नका हो. गरम करणं जास्त सुरक्षित.

सायलेन्सर९
अर्धाच आटा सांगितलाय. एवढं काय त्यात.

वेगवेडी
गरम करण्याआधी टाकी रिकामी करा आणि ड्रायर इंधनाच्या डब्यापासून लांब वापरा. मेथॅनॉलची ज्वाला दिवसाउजेडी दिसतच नाही, पेटलं तर हात भाजल्यावर कळतं. हे कोणी सांगत नाही म्हणून लिहिलं.
आणि बेअरिंग उघडून डिनेचर्ड स्पिरिटने धुवा. जास्त तेल किंवा इंधनातल्या कॅस्टर तेलाचा जुना चिकटा असला की आतले रोलर पकडत नाहीत. शाफ्टवर बेअरिंग बसतं तिथे नखाने चाचपा, चर पडलेली लागली तर धुऊन उपयोग नाही, शाफ्ट आणि बेअरिंग दोन्ही बदला.

ब्रशलेसवाला
बघा, एवढ्या वेळात माझे दोन पॅक चार्ज झाले असते.

जुनाखेळाडू
आणि गाडी ठेवताना टाकी रिकामी करून आफ्टर-रन ऑइल घालत जा. मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, क्रँकची बेअरिंग गंजतात. नवीन इंजिन आहे तर आत्तापासून सवय लावा.

फुलथ्रॉटल
उघडलं. बेअरिंग चिकट होतं पण शाफ्ट गुळगुळीत आहे, चर वगैरे काही नाही. धुतलं, वाळवलं, इंजिन गरम केलं. आता टीडीसीवरून जातंय, फटफट करतंय आणि बंद पडतंय. ड्रिल थेट शाफ्टला धरू का, मधलं बेअरिंग काढून? म्हणजे घसरायचा प्रश्नच नाही.

पानास्क्रू
अजिबात नको!! इंजिन पेटलं की तेच ड्रिलला फिरवेल. ही छोटी इंजिनं ३०,००० आरपीएमच्या वर जातात, ड्रिल हातातून उडेल. वन-वे बेअरिंग तेवढ्यासाठीच आहे.
फटफट करतंय म्हणजे स्टार्टरचं काम झालं. आता सांगा, इग्नायटर (प्लग तापवणारी छोटी बॅटरी) चार्ज आहे का? प्लग बाहेर काढून लावल्यावर कॉइल केशरी लाल दिसते का? बॅकप्लेट बसवताना ओ-रिंग (हवाबंद करणारी रबरी कडी) घातली का? तिथून हवा आत गेली तर इंजिन लीन होतं (हवा जास्त, इंधन कमी) आणि आयडल धरत नाही, म्हणजे कमी वेगावर चालू राहत नाही.

फुलथ्रॉटल
ओ-रिंग कुठली? किटमध्ये कागदी गॅस्केट होतं, ते जुन्या बॅकप्लेटच्या भोकांशी जुळत नव्हतं म्हणून लावलं नाही.

वेगवेडी
जुन्या बॅकप्लेटवरची ओ-रिंग काढा, तडा नसेल तर तीच नवीन प्लेटच्या खाचेत बसते का बघा. प्लेटला खाच नसेल तर गॅस्केट लागणारच, जाड कागदाचं कापून घेता येतं. ते होईपर्यंत निडलला (इंधनाचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूला) हात लावू नका.