लेथच्या बेडवरचा गंज अचूकता न घालवता कसा काढावा?

नमस्कार मंडळी,

भोसरीत माझ्या काकांची छोटी शेड आहे. काका टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारे कारागीर. तब्येतीमुळे त्यांचं काम थांबलं, शेडला कुलूप लागलं आणि पावसाळ्यात पत्रा गळत राहिला. आता ती मी पुन्हा सुरू करतोय. लेथ, ड्रिलिंग मशीन, बेंच वाइस, हत्यारांची पेटी, सगळ्यावर गंज. त्यावर जुनं तेल आणि लोखंडाचा कीस मिळून बसलेला काळा चिकटा.

हत्यारांचं जमतंय. आधी रॉकेल आणि ब्रशने चिकटा काढतो, कारण तेलाच्या थराखाली आम्ल पोचतच नाही. मग पाने (स्पॅनर) रात्रभर व्हिनेगरमध्ये. वाइसचे सुटे भाग मात्र विजेवर साफ केले: बादलीत पाणी आणि धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर, ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक साध्या लोखंडी पट्टीला. ही पट्टी स्टेनलेसची अजिबात नको, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजनही सुटतो, म्हणून हे काम उघड्यावर. वस्तू धुऊन लगेच कोरडी करून तेल लावायचं. जरा उशीर झाला की तांबूस थर परत येतो.

खरी अडचण लेथच्या बेडची, म्हणजे ज्यावरून हत्यार धरणारी कॅरेज सरकते त्या लांब पायाची. बेड ओतीव लोखंडाचा, बादलीत तर मावणार नाही. चकजवळ (फिरणारा भाग जिथे पकडतात तिथे) तो वापरून आधीच थोडा झिजलाय. एमरी पेपर मारला तर गंजाबरोबर चांगलं लोखंडही जाईल, आणि त्याची पूड कॅरेजखाली अडकून पुढे घासत राहील. एका ओळखीच्या मेकॅनिकने ग्राइंडरला वायर ब्रश लावून 'अर्ध्या तासात चकाचक' करून देतो म्हटलं. मी नको म्हणालो. या बेडवर काकांनी आयुष्यभर काम केलंय, तो घाईत खराब होऊ द्यायचा नाही.

बारीक स्टील वूल आणि पातळ तेल एवढ्यावर भागेल का? खड्डे पडलेत तिथे फक्त सुटा गंज खरवडून खड्डे तसेच ठेवावेत ना? फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर (गंजाचं टिकाऊ थरात रूपांतर करणारं द्रावण) सरकत्या पृष्ठभागावर चालतं का? लीड स्क्रूच्या (कॅरेज सरकवणाऱ्या लांब स्क्रूच्या) आट्यांमधला चिकटा तुम्ही कशाने काढता?

आणखी एक. मायक्रोमीटरच्या (बारीक मोजमापाच्या साधनाच्या) मोजणाऱ्या तोंडांवर गंजाचे ठिपके आहेत. त्यांना मी हात लावलेला नाही. पुण्यात असे मायक्रोमीटर दुरुस्त करून, कॅलिब्रेट करून देणारं कुणी माहीत असेल तर जरूर सांगा.